पलंगाखालची नावं

ओझेलाबाईंनी विषय काढला तो मुद्दाम, सगळ्यांच्या तोंडात मासा असताना. काटेरी मासा खाताना माणसाला भांडता येत नाही, हे तीन मुलं वाढवताना त्यांना पुरतं कळलेलं होतं.

"रविवारी चर्चहून आले की मी सगळं सामान उलटं करणार आहे," त्या म्हणाल्या. "एकूण एक. कशाखाली कोणाचं नाव आहे ते मोठ्यानं वाचणार आणि ज्याचं त्याला देऊन टाकणार. मेल्यावर दिलं तर कोणाचं तोंड कसं झालं ते बघायला मी नसते."

एवढं बोलून त्यांनी तिखट सॉसची बाटली पुढं ओढली आणि जेवायला लागल्या. सामानाचं काय ते ठरवायचंय, दोघंही या, असा फोन करून त्यांनी लांबच्या दोन्ही मुलांना बोलावून घेतलं होतं, पण वाटणी इतकी लगेच होईल असं कोणाला वाटलं नव्हतं. थोरल्या थर्मनला ठसका लागला. डेट्रॉइटहून आल्यापासून तो आईच्या मागंपुढं करत होता, आणि त्याची बायको ग्लोरिस त्याच्या. आता ती त्याच्या पाठीत थापट्या मारू लागली. मधली अर्नेस्टीन अटलांटात लोकांची घरं सजवून देते. तिनं घास न चावताच गिळला आणि डोळे मिटून हिशेब मांडावा तशी बसली. धाकटी लुवेनिया उठली. ती गरम भजी आणायला आत गेली आणि शेगडीपाशी नुसतीच उभी राहिली.

हे घर म्हणजे टिलरी हाउस, आणि त्यातल्या पाहुण्यांच्या चार खोल्या लुवेनिया चालवत होती. वडील गेले तेव्हा दोन आठवड्यांसाठी म्हणून आलेली ही पोर आता केस पिकले तरी इथंच होती. पहाटे बिस्किटं भाजायची, पाहुण्यांना न्याहारी वाढायची, चादरी बदलायच्या, आणि लांबून आलेल्या लोकांना कुठल्या खोलीत कोण निजलं होतं त्याच्या गोष्टी सांगायच्या. मास्तरणीची खोली, पाद्रीबाबांची खोली, नवरानवरीची खोली आणि सगळ्यांत मोठी ती ट्रम्पेटवाल्याची. लोक या खोल्यांत राहायला येत ते तिथल्या पलंगांसाठी, आरशांसाठी. ते गेले तर उरल्या चार भिंती, आणि नुसत्या भिंतींत निजायला मिनेसोटाहून कोण कशाला येईल? रविवारी सामान वाटलं गेलं की सोमवारी आपल्या हातात फक्त लाटणं उरणार, हे तिला शेगडीपाशी उभ्या उभ्या स्वच्छ दिसलं.

बेल्स फेरी या गावात प्रत्येक म्हातारीकडं कागदी चिकटपट्टीचं एक भेंडोळं असतं. ज्याला जे द्यायचं त्याचं नाव पट्टीवर लिहायचं आणि ती वस्तूच्या पोटाला चिकटवायची. खुर्चीच्या, टेबलाच्या, सुरईच्यासुद्धा. वकील लागत नाही. म्हातारीचे डोळे मिटले की वस्तू उलटी करायची आणि ज्याचं नाव त्यानं उचलायची. शेजारच्या हॅटीबाई गेल्या तेव्हा पाद्र्याचा शेवटचा आमेन हवेत होता तोवर त्यांच्या सुनांनी जेवणाचं टेबल उलटं केलं, वरच्या केकसकट. मात्र म्हातारी जिवंत असताना कोणी खाली डोकवायचं नाही, असा कडक नियम आहे. हा नियम सगळे पाळतात, म्हणजे एकमेकांसमोर पाळतात.

लुवेनियानं तो खरोखरच पाळला होता. रोज पलंगाखाली झाडू घालायची, पण मान कधी वर केली नव्हती. त्यात सज्जनपणा अर्धाच होता. उरलेली अर्धी भीती होती.

शनिवारी दुपारी पाहुणे गाव बघायला बाहेर पडले. ओसरीवर ग्लोरिस सासूबाईंसमोर शेंगांची टोपली घेऊन बसली होती. एरवी नखं तुटतील म्हणून ती बाई शेंगेला हात लावत नसे. आज ती एकेक दाणा असा सोलत होती, की टोपली संपायला नाताळ उजाडावा. हे नाटक कोणासाठी चाललंय ते लुवेनियाला कळायला हवं होतं. पण ती आपल्याच नाटकात गुंतलेली होती. धूळ झाडायचा कुंचा हातात, आणि ॲप्रनच्या खिशात चिकटपट्टीचं भेंडोळं व पेन.

मास्तरणीच्या खोलीतलं मेज तिनं तिरकं केलं. खाली आईच्या ठसठशीत अक्षरात 'अर्नेस्टीन'. पाद्रीबाबांची डुलती खुर्ची: 'थर्मन'. तोंड धुवायच्या मेजाखाली 'अर्नेस्टीन'. नवरानवरीच्या खोलीतला मोठा आरसा भिंतीपासून जरा पुढं ओढला, तर मागं 'ग्लोरिस' निघालं. लुवेनिया थोडा वेळ आरशात स्वतःकडे बघत उभी राहिली. जी बाई या घरात दोन वर्षांतून चार दिवस येते आणि मीठ कमी पडलं म्हणून सांगते, तिला आरसा. रोज तो आरसा व्हिनेगरनं पुसणारीला काय, तर व्हिनेगर.

तिला राग आला, आणि आला तो चांगला खणखणीत आला. मग तिनं घराण्याचं नाव, चर्चमधली शिकवण, सगळं बाजूला ठेवलं आणि ट्रम्पेटवाल्याच्या खोलीत जाऊन ती सरळ पलंगाखाली शिरली.

हा पलंग ओझेलाबाईंच्या सासऱ्यांनी अक्रोडाच्या लाकडातून स्वतः घडवलेला. इतका उंच की चढायला पायरी ठेवावी लागते. चादरीची झालर जमिनीपर्यंत लोळते. पाठीवर पडून लुवेनियानं वर बघितलं. मधल्या फळीवर पट्ट्यांचा थरच्या थर होता, एकावर एक, काही निम्म्या खरवडलेल्या. सगळ्यांत वर 'अर्नेस्टीन'. तिच्याखालून 'थर्मन'मधला 'थ' डोकावत होता, त्याच्याखाली पुन्हा 'अर्नेस्टीन', आणि त्याखाली पुन्हा 'थर्मन'. तिनं नखानं तळापर्यंत उकरून बघितलं. लुवेनिया नव्हती.

तिनं पेनाचं टोपण दातात धरलं आणि पट्टी तोडली. तेवढ्यात दार वाजलं. मोज्यांतले दोन मोठे पाय आत आले, गुडघे जमिनीला टेकले, झालर वर झाली आणि थर्मनचं टक्कल आत आलं.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"मी झाडतेय," लुवेनिया म्हणाली.

"आडवं पडून?"

"आणि तू काय शोधतोयस, दादा? तुझं बालपण?"

"खरं सांगायचं तर तेच." थर्मन धापा टाकत तिच्या शेजारी सरकला. पोट आत घ्यायला त्याला जरा वेळ लागला. "मी या पलंगावर जन्मलो, लुवी. गेल्या वर्षी बघतो तर माझं नाव खरवडून अर्नेस्टीनचं. वर्षभर मला झोप नाही. ती बया याला पांढरा रंग देऊन कोणा दंतवैद्याला विकेल."

त्यानंही खिशातून पट्टी काढली. त्यावर नाव लिहूनच आणलं होतं. लुवेनियाला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. खोल्या बंद पडल्या तर मी काय करायचं, असं तिनं विचारलं, तेव्हा तो वर बघत म्हणाला की त्यानं त्यावर विचार केलेला आहे. डेट्रॉइटला त्यांचं तळघर रिकामंच असतं, आणि ग्लोरिसलाही घरात कोणीतरी हवंच आहे. इतकी वर्षं फोनवर उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या भावानं आता तिची पण जागा नेमून टाकली होती, तीही जमिनीखाली.

"ग्लोरिसला बाई हवी असेल तर पेपरात जाहिरात द्यायला सांग," ती म्हणाली.

झालर दुसऱ्या बाजूनं वर झाली. आधी अत्तर आलं, मग अर्नेस्टीन.

"मला वाटलंच," ती म्हणाली. चोराच्या उलट्या बोंबा मारायला तिला कधी शिकवावं लागलं नाही. "दोघं मिळून माझं नाव काढताय. लाज कशी वाटत नाही? आई खाली शेंगा सोलतेय."

"तू इथं काय प्रार्थनेला आलीस?" थर्मन म्हणाला.

"माझ्या पलंगाकडं बघायला आले. माझ्या."

पुढचं सगळं भांडण कुजबुजत झालं, त्यामुळं ते जास्तच झोंबलं. आधी अर्नेस्टीन आणि थर्मन एकमेकांवर तुटून पडले; पांढऱ्या रंगाचं आणि दंतवैद्याचं थर्मननं तिच्या तोंडावर काढलं. मग थर्मननं आरशाच्या बदल्यात पलंग, अशी तडजोड काढली. तो आरसा बायकोला विचारल्याशिवाय देणार होता, यावरून पलंगाचं वेड किती ते समजावं. अर्नेस्टीनला ते पटलं. बघता बघता दोघं एका माळेचे मणी झाले आणि मधे पडलेल्या लुवेनियाच्या अंगावरून त्यांनी हातात हात दिला. कोणी ट्रक कधी आणायचा इथवर बोलणी गेली. अर्नेस्टीननं धाकटीच्या दंडावर मायेनं थोपटलंसुद्धा. म्हणाली, "तू तरी किती राबशील गं? सुटशील तू यातून."

"मला सुटायचंय असं कोणाला म्हटलं मी?" लुवेनियाचा आवाज फाटला. "तुम्हाला पलंग दिसतो, आरसा दिसतो. मला या खोल्या हव्यात, ताई. पाहुणे हवेत. सकाळी वरच्या मजल्यावर पावलं वाजली की मला बरं वाटतं. माझं दुसरं काहीही नाही, आणि मला दुसरं काही नको."

यावर कोणी काही बोलायच्या आत दार उघडलं.

आत आल्या त्या मिसेस लिंडक्विस्ट, याच खोलीच्या पाहुण्या, मिनेसोटाच्या. उन्हात गाव तुडवून त्यांचे पाय सुजले होते. त्यांनी बूट काढले, पायरीवर पाय ठेवून पलंगावर चढल्या आणि आडव्या झाल्या. गादी खाली आली ती थेट थर्मनच्या पोटाला टेकली. तिघं भावंडं श्वास रोखून पडली. साठी गाठलेला डेट्रॉइटचा माणूस, अटलांटातली मानाची बाई आणि या घराची चालक, तिघंही पाहुणीच्या बुडाखाली.

आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं, मागोमाग दारावर टकटक झाली आणि ओझेलाबाईंचा आवाज आला. गोड चहाचा बर्फ घातलेला पेला आणि पीचच्या फोडी घालून भाजलेला गोड, गरम कॉब्लर घेऊन त्या आल्या होत्या. एरवी सहसा वर न चढणारी आई, गुडघे धरून, पाहुणीला खायला घेऊन वर आली होती. लुवेनियानं डोळे मिटले.

"मी बसू का जरा?" ओझेलाबाईंनी विचारलं आणि बसल्याच. पलंग उंच आणि बाई बुटक्या, त्यामुळं पाय लोंबते राहिले. झालरीचा एक कोपरा त्यांच्या वजनाखाली अडकून वर ओढला गेला. आईच्या घरात घालायच्या कापडी सपाता लुवेनियाच्या नाकासमोर हलू लागल्या.

मिसेस लिंडक्विस्टनी पलंगाचं कौतुक केलं. तेवढं निमित्त पुरे होतं. हमरस्त्यावरच्या हॉटेलांत काळ्या माणसाला खोली मिळत नव्हती, त्या दिवसांत सासूबाईंनी या चार खोल्या उघडल्या, हे ओझेलाबाईंनी सांगितलं. पाटी नव्हती. लोक एकमेकांना घर सांगत, ओसरीच्या निळ्या छताची खूण देत. एकदा एक ट्रम्पेटवाला आला होता. नेमक्या त्याच रात्री ओझेलाबाईंना कळा सुरू झाल्या, तेव्हा सुइणीला सगळ्यांत उंच पलंग हवा म्हणून तो बिचारा उठून ओसरीवर जाऊन निजला. उजाडताना मूल रडलं तसं त्यानं खालून ट्रम्पेट वाजवलं. सगळी गल्ली जागी झाली, आणि समोरच्या दोघांनी त्याला काठी घेऊन हाकललं.

"तो माझा थोरला," ओझेलाबाई म्हणाल्या. "तेव्हापासून त्याला वाटतं, आपण आलो की गावानं उठून उभं राहावं."

नेमका त्याच क्षणी थोरला शिंकला.

 घर जुनं आहे, असं मिसेस लिंडक्विस्ट चाचरत म्हणाल्या.

"घर जुनंच आहे. पण ती धुळीची शिंक आहे. लहानपणापासून आहे त्याला," ओझेलाबाई म्हणाल्या. "तुम्ही कॉब्लर घ्या, निवतोय."

मिसेस लिंडक्विस्टनी चमचा उचललेला ऐकू आला. पलंगाखाली तीन माणसं गोठून पडली होती. वर मात्र म्हातारी निवांत होती. आमच्याकडं चिकटपट्टीचा रिवाज आहे, असं त्यांनी पाहुणीला सांगितलं, आणि मग गोष्ट सांगावी तशा सांगत सुटल्या.

"लोक म्हणतात, ज्याला द्यायचं त्याचं नाव लिहावं. माझ्या सासूबाईंनी मला वेगळं शिकवलं. म्हणाल्या, ज्याला घरी यायला लावायचंय त्याचं नाव खरवडावं. थोरल्याचा फोन येईनासा झाला की मी पलंगाखालचं त्याचं नाव काढते. मग ते सुनेला सांगते, आणि बजावते, कोणाला बोलू नकोस. त्या वर्षी तो हटकून येतो. पुढल्या वर्षी मधलीची पाळी. इतकी वर्षं दोघांना आलटून पालटून आणलं मी असं. पलंगाची फळी झिजली, पण मुलं आली."

थर्मनचा हात हळूच कपाळावर गेला. अर्नेस्टीन एकटक वर, त्या थरांकडं बघत होती. 'थर्मन', 'अर्नेस्टीन', 'थर्मन'. जे ती वारसा म्हणून वाचत होती ती सगळी हजेरी निघाली. तिची काजळाची रेघ कानाकडं वाहत चालली, आणि तिनं ती पुसली नाही.

"मग उद्या काय सापडणार?" मिसेस लिंडक्विस्टनी विचारलं. त्यांना आता खरीच गोडी लागली होती.

"काही नाही. सकाळी उठून सगळ्या पट्ट्या काढून टाकीन. आता मला वाकवत नाही, बाई. आणि दोघं कधी एकाच वर्षी यायची नाहीत. म्हणून या खेपेला सगळं एकदम वाटते म्हटलं. तिघं एका ठिकाणी बघायची होती. ती बघून झाली."

"तिसऱ्याचं नाव कुठं असतं?"

 "धाकटीचं? ती एकदा परत आली ती पुन्हा कुठं गेलीच नाही. जी घरातच असते तिला बोलवायला पट्टी कशाला लावू?"

लुवेनियाला हे लागलं. चांगलंच लागलं. येणाऱ्याला पट्टी, जाणाऱ्याला पट्टी आणि राबणारीला काय, तर गृहीत धरणं. इतक्या पहाटे, इतकी बिस्किटं, आणि आईला तिची गरज इतकी की नाव लिहायचीही गरज नाही. बाहेर सरकावं, पाहुणीसमोर उभं राहावं आणि आईला सांगावं की आता मीपण जाते, मग लिही माझं नाव. तिनं कोपर टेकून अंग उचललंसुद्धा.

तेव्हा ओझेलाबाईंनी पाय हलवले. लहान मुलीसारखे पुढं नेले, मग मागं, पार पलंगाखाली, आणि सपातांचे तळवे लुवेनियाच्या तोंडासमोर आले.

उजव्या सपातेच्या तळाला कागदी पट्टी होती. मळलेली, कडा झिजलेल्या, पण वर पेनानं नाव नव्यानं गिरवलेलं. 'लुवेनिया'.

अर्नेस्टीनला ओठ चावूनही हसू आवरेना. "बघ," ती कानाशी पुटपुटली, "तुझं नाव तर पायदळी आहे."

लुवेनियालाही आधी तसंच वाटलं. तिचे कान तापले. पण थर्मन, ज्याला घरातला कुठलाच विनोद कधी वेळेवर कळला नाही, तो त्या सपातेकडं बघत होता.

"अर्नेस्टीन," तो अगदी हळू म्हणाला, "नियम काय आहे?"

नियम बेल्स फेरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. ज्याच्याखाली नाव, ते त्याचं.

अर्नेस्टीनचं हसू विझलं. तिनं मान वळवून धाकटीकडं बघितलं, आणि त्या बघण्यात हेवा होता. पलंगासाठी वाटला नव्हता तेवढा.

वर ओझेलाबाईंचं बोलणं चालूच होतं. एक वस्तू मात्र मी केव्हाच एकीला देऊन टाकलेली आहे, त्या पाहुणीला सांगत होत्या. पट्टी सारखी झिजते, फरशीवरून चालतो ना आपण, म्हणून दर महिन्याला नवी लावावी लागते. जुनाट वस्तू आहे, गुडघ्यांतून कुरकुरते, बोलते फार. आणि एक खोड आहे तिला. हे घर, या चार खोल्या, हे पलंग सोडून ती दुसरीकडं कुठं ठेवताच येत नाही. त्यामुळं जिला वस्तू दिली, तिला बाकीचं सगळं पदरात घ्यावंच लागणार. तसं वकिलाकडून लिहून घेतलंय, कारण चिकटपट्टीवर माझाही तेवढा विश्वास नाही.

थर्मननं हात वर केला आणि नाव लिहून आणलेली आपली पट्टी चुरगाळून खिशात घातली. मग त्यानं फळीवरची वरची पट्टीही सोलली, अर्नेस्टीनकडं बघत, तिच्या परवानगीनं. तिनं मान हलवली. "दंतवैद्याला तसाही पांढरा रंग नको होता," ती कुजबुजली, आणि लुवेनियाच्या केसांतली धुळीची जळमटं वेचू लागली.

लुवेनियाला रडू आलं. आनंदाचं होतं, आणि थोडं भीतीचंही, कारण जे नावावर झालं ते एक दिवस हातातून जाणार हेही त्याच पट्टीवर लिहिलेलं होतं. तिनं डोळे पुसले. सपातेच्या पट्टीचा एक कोपरा सुटून वर आला होता. आई आणखी दोन दिवस चालली असती तर पट्टी गळून पडली असती. तिनं हात लांबवला आणि तो कोपरा अंगठ्यानं दाबून नीट बसवू लागली.

वर मिसेस लिंडक्विस्ट कॉब्लरबद्दल काहीतरी विचारत होत्या आणि ओझेलाबाई त्यांना दालचिनी किती घालायची ते सांगत होत्या. सांगता सांगता त्यांनी पाय हलवायचा थांबवला, आणि लुवेनियाचं काम होईतो अगदी स्थिर धरून ठेवला.